तोटा कोणाच्या अंगावर?

इस्लामी अर्थविचाराचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं व्याजापाशी सुरू होतं आणि व्याजापाशीच संपतं. "त्यांच्यात व्याज चालत नाही" हे एक वाक्य आणि त्यापाठोपाठ "मग बँक चालते कशी?" हा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण बगदादच्या काझीपासून कैरोच्या बाजार-निरीक्षकापर्यंत शेकडो वर्षं माणसांनी ज्यावर डोकं शिणवलं, तो विषय एका वाक्यात उरकलेला मला बघवत नाही. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. मराठवाड्यातल्या पतसंस्था, विविध कार्यकारी सोसायट्या, मजूर संस्था यांची दप्तरं तपासण्यात सगळी नोकरी गेली. उर्दू वडिलांकडून आली. निजामाच्या राज्यात त्यांचं शिक्षण उर्दूतून झालं आणि घरातला हिशेब ते शेवटपर्यंत उर्दूतच मांडत. त्यांच्यामुळे ही पुस्तकं मला मुळातून वाचता आली. अरबी मला येत नाही, तिथे मी अनुवादावरच विसंबते.

लेखापरीक्षकाला एक सवय लागते. नफा किती झाला यापेक्षा तोटा झाला तर तो कोणाच्या खात्यात पडणार, हे आधी बघायचं. या सवयीनं मी हा इतिहास वाचला आणि मला त्यात सुरुवातीपासून हाच प्रश्न दिसत गेला.

मक्का हे व्यापाऱ्यांचं गाव. तिथे कर्जाची जी रीत होती ती आपल्याला अनोळखी वाटणार नाही. मुदत भरली की सावकार विचारायचा, देतोस की वाढवतोस? ऋणको देऊ शकला नाही की रक्कम वाढायची आणि मुदत पुढे जायची. आपल्याकडे सावकार जुनं खत फाडून व्याजासकट मुद्दलाचं नवं खत करून घेत, तसंच. कुराणात दुपटी-चौपटीनं रिबा, म्हणजे व्याज, खाऊ नका असं बजावलं आहे ते या रिवाजाला उद्देशून, आणि व्यापार हलाल पण रिबा हराम हा निवाडा दुसऱ्या सूरेत, म्हणजे अध्यायात, येतो. आपल्या परंपरेत दामदुपटीचा नियम होता. व्याज कितीही चढलं तरी मुद्दलाइतक्या रकमेपुढे मागता येत नसे. दोन्ही समाजांना एकच दुखणं दिसलं होतं. एकानं व्याजाला मर्यादा घातली, दुसऱ्यानं दारच बंद केलं. शेवटच्या हज यात्रेतल्या प्रवचनात पैगंबरांनी जुनं सगळं रिबा रद्द केलं, आणि पहिलं रद्द केलं ते स्वतःच्या चुलत्याचं, अब्बास यांचं येणं. कायदा घरापासून लागू करण्याची ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझ्या पेशामुळे मला सर्वांत जवळची वाटते ती त्याच सूरेतली २८२वी आयत. कुराणातली ही सर्वांत लांब आयत, आणि ती आहे कर्जाच्या लेखी नोंदीबद्दल. मुदतीचं देणं असेल तर लिहून ठेवा, लिहिणाऱ्यानं न्यायानं लिहावं, मजकूर देणेकऱ्यानं सांगावा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. मजकूर सांगायचा तो देणेकऱ्यानं, धनकोनं नव्हे. कोऱ्या कागदावर अंगठे घेऊन नंतर आकडे भरणाऱ्या सावकारांची प्रकरणं मी पाहिली आहेत, म्हणून या एका अटीत केवढं संरक्षण आहे ते मला कळतं. त्याच आयतीत एका पुरुष साक्षीदाराच्या जागी दोन स्त्रिया असंही आहे. ते मला पटत नाही, आणि ते वगळून पुढे जाणंही बरोबर नाही.

बाजाराबद्दलचे नियम असेच जमिनीवरचे आहेत. झाडावरचं फळ पक्व होण्याची चिन्हं दिसायच्या आत विकू नये. पाण्यातला मासा पाण्यात असताना विकू नये. साठेबाजी करू नये. आणि एक नियम तर आपल्या खेडा खरेदीवाल्यांसाठीच केल्यासारखा आहे. शहराकडे येणारा तांडा वेशीबाहेर गाठून, माल आणणाऱ्याला बाजारभाव कळायच्या आत त्याचा माल उचलू नये. खळ्यावरची तूर-सोयाबीन कोण कशी उचलतो हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मात्र मदिनेत महागाई झाली आणि लोकांनी भाव बांधून द्या म्हटलं, तेव्हा पैगंबरांनी नकार दिला. कोणावर अन्याय केल्याचा दावा डोक्यावर घेऊन मला अल्लाहपुढे उभं राहायचं नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे.

जकातीचंही तसंच. (नाक्यावरची जकात नव्हे, श्रद्धेचा भाग म्हणून वर्षाला द्यायचा वाटा.) साठलेल्या धनावर अडीच टक्के, तेही ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेल आणि वर्षभर हाती राहिलं असेल तर. ते कोणाला द्यायचं याचे आठ वर्ग कुराणानंच ठरवून दिले आहेत आणि त्यांत कर्जात बुडालेला माणूस एक आहे. शेतीवर पावसाच्या पिकाला दहावा हिस्सा, पण मेहनतीनं पाणी उपसून पिकवलेल्याला विसावा. पाणी काढायला बैल, मोट, माणूस लागतो, तो खर्च शेतकऱ्यानं आधीच सोसलेला असतो. म्हणून त्याचा वाटा निम्मा. कोरडवाहू आणि बागायत या दोन शब्दांवर ज्या मुलखाचं आयुष्य उभं आहे तिथल्या माणसाला हा हिशेब लगेच पटावा.

आता मूळ मुद्द्याकडे येते. व्याज नको, तर भांडवल मिळणार कसं? अरबांकडे इस्लामच्या आधीपासूनच त्याची रीत होती. एकानं पैसा द्यायचा, दुसऱ्यानं तो घेऊन व्यापाराला जायचं, नफा आधी ठरलेल्या प्रमाणात वाटायचा. खदीजा या मक्केतल्या मोठ्या व्यापारी बाई. त्यांचा माल घेऊन मुहम्मद पैगंबर तरुणपणी सीरियाकडे गेले होते. पुढे फिकहच्या, म्हणजे इस्लामी धर्मकायद्याच्या, पंडितांनी या रीतीचे बारीक नियम बांधले. तिला मुदारबा म्हणतात. नियमांचा गाभा असा : नफ्याचं प्रमाण ठरवता येतं, रक्कम ठरवता येत नाही. "मला दरवर्षी शंभर दिनार दे" अशी अट घातली की करारच बिघडला. आणि तोटा झाला, हलगर्जी किंवा कराराचा भंग नसेल, तर पैशाचा सगळा तोटा पैसेवाल्याचा. राबणाऱ्याचे श्रम वाया गेले, तोच त्याचा तोटा. माणसाचे दोन-चार महिने बुडणं हेही नुकसान आहे आणि ते हिशेबात धरलं पाहिजे, ही गोष्ट या पंडितांनी कायद्यात आणली. आमच्या कुठल्याही वार्षिक पत्रकात त्यासाठी रकाना नव्हता.

अशा भागीदाऱ्यांवर हिंदी महासागरातला व्यापार मोठ्या प्रमाणात चालला. त्याचं एक टोक आपल्या कोकणात होतं. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल्-मसूदी हा बगदादचा प्रवासी चौलला आला. चौलला अरब सैमूर म्हणत. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून दहा हजारांच्या आसपास मुसलमान तिथे राहतात, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्यांच्यातल्याच एका प्रमुखाकडे त्यांचे आपसातले व्यवहार आणि तंटे सोपवलेले असत, आणि त्याची नेमणूक तिथला हिंदू राजा करी. हे शिलाहारांच्या काळातलं. चौलच्या किनाऱ्यावर गेलं की मला किल्ल्याआधी ही वस्ती आठवते.

या परंपरेतला माझा सर्वांत आवडता माणूस म्हणजे अबू यूसुफ. कूफ्याच्या गरीब घरातला मुलगा. हनफी कायदेपंथाचे प्रवर्तक अबू हनीफा स्वतः रेशमी कापडाचे व्यापारी होते, त्यांनी या मुलाला पैशाची मदत करून शिकवलं. पुढे तो हारून अल्-रशीद खलिफाचा मुख्य काझी झाला. खलिफानं महसुलाबद्दल विचारलं त्याच्या उत्तरादाखल त्यानं 'किताब अल्-खराज' लिहिलं. आठव्या शतकाच्या अखेरचं हे पुस्तक. त्याचं ७९८ साली निधन झालं.

इराकच्या सुपीक मुलखाला सवाद म्हणत. तो जिंकल्यावर खलिफा उमर यांनी जमीन सैनिकांत वाटायला नकार दिला होता. पुढच्या पिढ्यांना काय उरेल, असा त्यांचा सवाल होता. जमीन कसणाऱ्यांकडेच ठेवून त्यांनी मोजणीप्रमाणे ठराविक सारा लावला. दीडशे वर्षांनी तोच सारा जाचक झाला होता, कारण कितीतरी जमीन पडीक पडली होती आणि आकारणी तशीच होती. अबू यूसुफनं सांगितलं, मोजणीवरचा बांधील सारा सोडा, पिकाचा हिस्सा घ्या. त्यानं दर सुचवले ते असे : वाहत्या पाण्यावरच्या गहू-जवाला दोन पंचमांश, रहाटानं पाणी उपसलेल्याला तीन दशांश, खजूर-द्राक्षं-बागांना एक तृतीयांश, उन्हाळी पिकांना एक चतुर्थांश. दर हलके नाहीत, हे खरं आहे. पण पीक बुडालं तर सरकारचाही वाटा बुडतो, हा त्यातला मोठा बदल. दुष्काळाचा तोटा एकट्या कुणब्याच्या गळ्यात राहत नाही.

त्याच पुस्तकात त्यानं महसुलाचा मक्ता देण्याच्या पद्धतीवर कडाडून टीका केली आहे. मक्तेदाराला मुलूख ओसाड पडला तरी फिकीर नसते, त्यानं भरलेल्या रकमेवर जास्तीत जास्त काढायचं असतं. तो लोकांना मारतो, उन्हात उभं करतो, गळ्यात दगड बांधतो, असं त्यानं खलिफाला स्पष्ट लिहिलं. हजार वर्षांनी दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मामलती मक्त्यानं दिल्या गेल्या तेव्हा पुणे प्रांतातल्या रयतेची तीच गत झाली. हारूनच्या दरबारात नोकरीला असलेल्या माणसानं हे लिहिलं, याची मला फार किंमत वाटते.

गझाली (मृत्यू ११११) हे सूफी आणि तत्त्वज्ञ म्हणून माहीत आहेत, पण पैशावर त्यांनी लिहिलेलं वाचण्यासारखं आहे. एकाकडे केशर आहे आणि त्याला उंट हवा आहे, तर केशराच्या किती वजनाला किती उंट? त्यासाठी दोहोंच्या मध्ये एक मापक हवा. पैसा आरशासारखा आहे, त्याला स्वतःचा रंग नाही पण तो सगळे रंग दाखवतो, असं ते म्हणतात. म्हणूनच पैशानं पैसाच कमवायचा म्हणजे मापकालाच माल करायचं, हा त्यांचा व्याजावरचा आक्षेप. साधी सुई कामाला येण्याआधी पंचवीसेक वेळा कारागिरांच्या हातांखालून जाते, हेही त्यांनीच लिहिलं. श्रमविभागणी शिकवताना आपण ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या टाचणीच्या कारखान्यापासून सुरू करतो. सहाशे वर्षं आधीची ही सुई पाठ्यपुस्तकात यायला काहीच हरकत नाही.

धर्मपंडित इब्न तैमिया (१२६३–१३२८) यांचा आजचा लौकिक वेगळ्याच कारणांनी आहे, आणि त्यांची कितीतरी मतं मला मान्य नाहीत. पण भावांबद्दलचं त्यांचं विवेचन नेमकं आहे. भाव चढले म्हणजे कोणीतरी लबाडी केलीच असं नाही. मालाची आवक घटते, मागणी वाढते, तेव्हा भाव चढतो, आणि तिथे राजानं हात घालू नये. पण विकणारे संगनमत करून लोकांच्या गरजेचा माल अडवत असतील तर योग्य भावानं विकायला भाग पाडणं हे राजाचं कर्तव्यच. पैगंबरांनी नकार दिला तो पहिल्या प्रसंगात, दुसऱ्यात नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद.

चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून सगळ्यांना माहीत असतो. राज्याच्या सुरुवातीला कमी करातून जास्त वसूल येतो, अखेरीला जास्त करातून कमी, हे त्याचं वाक्य १९८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनीही उद्धृत केलं, आणि तेव्हापासून तो करकपातीचा पुरस्कर्ता म्हणूनच ओळखला जातो. हे वाक्य ज्या ग्रंथातलं, त्याच 'मुकद्दिमा'मध्ये राजानं स्वतः व्यापारात उतरू नये, रयतेला त्याच्याशी स्पर्धा करता येत नाही, असंही आहे. ते फारसं कोणी उद्धृत करत नाही.

त्याचाच कैरोतला शिष्य मक्रीझी मला अधिक भिडतो. तो कैरोचा मुह्तसिब होता, म्हणजे वजनमापं, भेसळ, भाव यांवर देखरेख करणारा अधिकारी. जवळजवळ आमच्याच खात्यातला माणूस म्हणा. १४०३च्या सुमाराला इजिप्तमध्ये नाईलचं पाणी कमी पडलं, दुष्काळ झाला, रोगराई आली. दुष्काळावर त्यानं छोटं पुस्तक लिहिलं आणि त्यात नाईलवर सगळं ढकललं नाही. पाणी पूर्वीही कमी पडलं होतं, मग या वेळी संकट एवढं लांबलं का? त्याची कारणं तीन : सरकारी पदं लाच देऊन मिळवली जातात आणि ती लाच रयतेकडून वसूल होते, जमिनीचे खंड बेसुमार वाढवले आहेत, आणि चांदीच्या नाण्याच्या जागी तांब्याची फुलूस वाट्टेल तेवढी पाडली गेली आहेत. त्यापुढे त्यानं समाजाचे थर लावून कोणाला किती झळ बसली ते लिहिलं. ज्यांचं उत्पन्न ठराविक आकड्यात येतं ते मेले, असा त्याचा निष्कर्ष. पगारदार, विद्यार्थी, छोटे वर्षासनवाले.

मधली काही शतकं सोडून देते आणि आमच्या मुलखाकडे येते, कारण 'इस्लामी अर्थशास्त्र' ही स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून विसाव्या शतकात जी उभी राहिली तिची मुळं बरीचशी दख्खनमध्ये आहेत. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक मौलाना मौदूदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादचा. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात मनाझिर अहसन गिलानी आणि मुहम्मद हमीदुल्ला शिकवत होते. गिलानींनी उर्दूत 'इस्लामी मआशियात' लिहिलं, हमीदुल्लांनी संस्थानातल्या बिनव्याजी पतसंस्थांवर लिहिलं. या गटाला एकीकडे भांडवलशाही आणि दुसरीकडे साम्यवाद दिसत होता आणि आपलं तिसरं काही आहे हे सिद्ध करायचं होतं. मौदूदींच्या लिखाणात अर्थविचार राजकीय कार्यक्रमाचा भाग झाला. तिथे माझं मन थबकतं. अबू यूसुफ किंवा मक्रीझी यांच्यासमोर विशिष्ट वर्षाचा विशिष्ट सारा होता, विशिष्ट नाणं होतं. इथे संपूर्ण व्यवस्थेचा आराखडा आधी आला आणि बाजार नंतर.

प्रत्यक्ष कामाला हात घातला तो इजिप्तच्या अहमद अल्-नज्जार यांनी. जर्मनीतल्या स्थानिक बचत बँका पाहून त्यांनी १९६३ मध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या मित घम्र गावी बिनव्याजी बचत बँक काढली. शेतकरी, छोटे कारागीर हे खातेदार. चार वर्षांत तो प्रयोग आटोपता घ्यावा लागला, पण खातेदार तोवर लाखांत गेले होते. १९७५ मध्ये जेद्दाची इस्लामी विकास बँक आणि दुबईची बँक आली, तेलाचा पैसा आला, आणि मोठ्या बँकांचा काळ सुरू झाला.

सिद्धान्तात या बँका मुदारबावर चालायच्या होत्या. आपल्याच गोरखपूरचे, अलीगढचे अर्थशास्त्रज्ञ नेजातुल्ला सिद्दीकी यांनी १९६९च्या उर्दू पुस्तकात तसाच आराखडा मांडला होता. व्यवहारात मोठा हिस्सा मुराबहाचा झाला. तुम्हाला यंत्र हवं, बँक ते विकत घेते, किंमत वाढवून तुम्हाला हप्त्यानं विकते. विक्री असल्यानं ती वैध. पण बँकेनं यंत्राचा ताबा क्षणभर कागदावरच घेतला, ते वाटेत फुटलं तर भुर्दंड तिचा नाही, आणि वाढवलेली किंमत बाजारातल्या व्याजदरावरून ठरवली, तर हिशेब तपासणारी मी त्या व्यवहाराला कर्जच म्हणेन. ही टीका माझी एकटीची नाही. सिद्दीकींनी पुढे अशा व्यवहारांबद्दल स्वतःच नाराजी मांडली, आणि इस्लामी देशांच्या फिकह अकादमीनं २००९ मध्ये नुसती रोकड हाती यावी म्हणून बँकेनं जुळवून आणलेल्या खरेदी-विक्रीला अवैध ठरवलं.

एक बिनव्याजी पतसंस्था मी स्वतः तपासली आहे. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, मोंढ्यामागची दोन खोल्यांची कचेरी. नोंदणी आपल्याच सहकार कायद्याखालची. ठेवींवर व्याज नाही, कर्जावर नाही. रोज दुकानांवर फिरून वीस-पन्नास रुपये गोळा करणारे प्रतिनिधी, आणि सोनं तारण ठेवून हातगाडीवाल्यांना, शिलाई करणाऱ्या बायकांना दिलेली लहान कर्जं. सेवाशुल्क मात्र होतं. हे व्याजाचं दुसरं नाव आहे का, हेच मला तपासायचं होतं. मी व्यवस्थापकांना विचारलं, "चाचा, हे शुल्क कशावरून ठरवलं?" त्यांनी दुसरी वही उघडली. भाडं, वीज, पगार, छपाई, एकूण खर्च भागिले कर्जखाती. "मॅडम, खर्चा बाँट लेते, पैसे का किराया नहीं लेते." पाच हजारांच्या कर्जालाही तेवढंच शुल्क आणि वीस हजारांच्या कर्जालाही तेवढंच. वर्षाअखेर शुल्क खर्चापेक्षा थोडं जास्त जमलं, तर पुढच्या वर्षी दर उतरवला होता. ठराव इतिवृत्तात होता, तारखेसह. कर्ज घेणाऱ्यांत हिंदू नावं भरपूर होती.

मला न सुटलेला प्रश्न तिथेच भेटला. महागाईत बिनव्याजी पैसे देणाऱ्याच्या पैशाची किंमत घसरते. हा तोटा ठेवीदाराच्या अंगावर पडतो आणि तो कुठल्याच वहीत दिसत नाही. सोन्या-चांदीच्या नाण्यांच्या काळात हा पेच फार नव्हता, पण तांब्याच्या फुलूसबाबत होता, आणि त्यावर जुने मतभेद आहेत. अबू हनीफा म्हणतात, जेवढी नाणी घेतली तेवढी परत करा. अबू यूसुफ यांचं नंतरचं मत असं की नाण्याची किंमत बदलली असेल तर व्यवहाराच्या दिवशीच्या किमतीनं फेडा. एकोणिसाव्या शतकात दमास्कसच्या इब्न आबिदीन यांनी यावर स्वतंत्र टिपण लिहिलं. आजचे बहुतेक पंडित नाणी मोजून परत करण्याच्या, म्हणजे अबू हनीफांच्या, बाजूनं आहेत, कारण महागाईचा निर्देशांक लावला की व्याज मागच्या दारानं आत येईल अशी त्यांना भीती वाटते. भीती खोटी नाही. तरी वर्षानुवर्षांच्या मोठ्या कर्जात मला अबू यूसुफचं म्हणणं अधिक न्यायाचं वाटतं, कारण तोटा ठेवीदारानंच सोसायचा असेल तर निदान त्याला तो आधी सांगायला हवा. मोंढ्यामागच्या सहा महिन्यांच्या पाच हजारांना मी ते लावणार नाही.